ललितच्या नावाची सव्वा मूठ

१५ जून २०२५, रविवार

मी केळी भरायला जाते त्या पॅकहाऊसच्या मालकांनी जानेवारीत आम्हा सगळ्या बायांना एकेक डायरी दिली होती. बाकीच्यांनी आपापल्या डायऱ्या पोरांना चित्रं काढायला देऊन टाकल्या. मला पोर नाही, म्हणून माझी कपाटात कोरीच राहिली. आज ती बाहेर काढली, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलंय. ललित येतोय.

सकाळी फोन आला. "मेघा, रजा मंजूर झाली. कानबाईला घरी." मी विचारलं, नक्की? तर म्हणाला, "आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?" (तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथं ललित लिहीन. डायरीत कोण बघतंय.)

लग्नानंतर वर्षाच्या आतच तो कुवेतला गेला. भुसावळजवळच्या वीज केंद्रात कंत्राटावर वेल्डर होता, तिथूनच एजंटाने उचलला. दोन वर्षं झाली. भडगावात सगळ्यांना वाटतं तो दुबईला आहे. आमच्याकडे समुद्रापलीकडचं सगळंच दुबई. माझ्या सासूबाई, ताईबाई, त्याही दुबईच म्हणतात. मी त्यांना एकदा नकाशात कुवेत दाखवलं, तर बोटाच्या पेरानं झाकून म्हणाल्या, "इतलंसं? मंग त्याले घर सापडाले इतला टाइम कसाले लागस?"

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, तो दळून त्याचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. रोट फक्त भाऊकीनं खायचे, परक्याला त्यातला तुकडाही जात नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाईच्या नावाची मूठ निघत नाही. दळायला, मळायला, लाटायला मात्र बाया. हे मी पहिल्याच वर्षी बोलून बघितलं होतं. झुलाल आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, भाऊकीत तेच मोठे. त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. आबांना हवं तेव्हा कमी ऐकू येतं.

ललित नसताना दोन्ही वर्षं त्याच्या नावाची मूठ निघाली आणि त्याचा रोट आबांनी खाल्ला. आज बातमी ऐकून सासूबाई चुलीपुढेच म्हणाल्या, "यंदा त्याना रोट तोच खाई. आबाले आते सोतानाच पुरे."

आज पोळ्या जरा जास्तच झाल्या. हात थांबेना.

२ जुलै, बुधवार

कालपासून कुवेतात नवा नियम लागला. देशाबाहेर पडायचं तर मालकाची परवानगी हवी, तीही मोबाइलवर. कामगारानं अर्ज टाकायचा, मालकानं मान्य म्हणून बटण दाबायचं, तेव्हा विमानतळावर सोडणार. ललित हसत हसत सांगत होता. "सायबानं बटण दाबलं की मी उडालो."

मी विचारलं, नाही दाबलं तर?

"दाबेल गं. माझं काय लोणचं घालायचंय त्याला?"

पासपोर्ट तर आधीच कंपनीच्या कपाटात आहे. सांभाळायला ठेवलाय म्हणतो. कामगाराचा पासपोर्ट असा ठेवून घेऊ नये असं तिकडचाच कायदा सांगतो, हे मी वाचलं होतं. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "तू फार वाचतेस."

आज आमच्याकडे कुवेतचाच कंटेनर भरला. केळीच्या फण्या धुवायच्या, पुसायच्या, तेरा किलोची पेटी करायची, केळीवर स्टिकर लावायचा. कंटेनरमध्ये तेरा-साडेतेरा अंश थंडी लागते. एखादा अंश इकडेतिकडे झाला तर लगेच फोनाफोनी सुरू होते. परवा ललितच्या साईटवर अठ्ठेचाळीस अंश होतं. त्याच्यासाठी कोणी कोणाला फोन केल्याचं ऐकलं नाही.

मार्चमध्ये त्याला तिथल्या दुकानात आमच्या स्टिकरची केळी दिसली होती. खाल्ली आणि स्टिकर पलंगाला चिकटवला. मी म्हटलं, बायकोला इथं ठेवून स्टिकरजवळ झोपणारा तुम्ही पहिलेच. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून कुवेतची पेटी असली की माझा हात जरा हळू चालतो.

९ जुलै, बुधवार

माझा नवरा खादाड झालाय. फोन केला की ख्यालीखुशाली राहिली बाजूला, पहिला प्रश्न, आज काय केलं होतं? व्हिडिओ लावा म्हटलं तर नेट नाही म्हणतो. चेहरा बघून महिना झाला. पण जेवणाची चौकशी मात्र अगदी सविस्तर.

आज वरण-बट्टी होती. तेवढं सांगून भागेना. बट्टी कशात भाजली, आतून मऊ होती का, वांग्याच्या भाजीला तर्री किती होती. मी म्हटलं, तिकडे मेसमध्ये दगड वाढतात की काय? "मेस चांगली आहे गं. पण आपलं ते आपलं." तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, बट्टी फोडून तूप ओतलं, तिथून परत सांगा."

हा प्रशील. भुसावळचा, रेल्वे कॉलनीमागे राहणारा. वीज केंद्रात दोघं एकत्र होते, कुवेतला एकत्रच गेले, खोलीही एकच. फोन स्पीकरवर होता तर. मीही मग मागे हटले नाही. तूप ओतल्यापासून बोटं चाटेपर्यंत सगळं सांगितलं. खोलीत इतकं शांत होतं की मला वाटलं फोन कटला. बहुतेक सगळे जेवून सुस्त पडले असणार.

१३ जुलै, रविवार

सासूबाई काल एकट्या भुसावळला जाऊन आल्या. डोळे दाखवायला, म्हणे. भडगावात डॉक्टर आहेत, जळगावात हवे तेवढे आहेत. तर या पाचोऱ्याहून गाडी पकडून भुसावळला गेल्या. मी सोबत येते म्हटलं तर, "तुन्ही हजरी बुडी." जळगावला जायचं तर ज्या चार दिवस आधीपासून पिशवी भरतात, त्या निव्वळ पदर खोचून निघाल्या.

परत आल्या त्या ना चष्मा घेऊन, ना थेंब. डोळे मात्र लालभडक, सुजलेले. डॉक्टरनं औषध घातलं म्हणून तसं झालं, म्हणाल्या. मी म्हटलं, असल्या डॉक्टरकडे परत जाऊ नका. "नही जात," म्हणाल्या.

जेवायला बसलो तर नुसत्या भाताकडे बघत राहिल्या. मीठ कमी आहे का विचारलं. "तठे पोरे काय खात व्हतीन," म्हणाल्या. मी म्हटलं, मेस चांगली आहे, तुमचा मुलगाच सांगत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या ताटातला अर्धा भात माझ्या ताटात ढकलला. सासूला माझी एवढी माया आली की मला भीतीच वाटते.

१७ जुलै, गुरुवार

आज ललित खोटं बोलून बोलून थकला.

काम मे महिन्यातच संपलं. कंपनीनं माणसं तशीच कॅम्पात ठेवून दिली. काहींच्या तिथं राहण्याच्या कार्डाची मुदत संपली, ती कंपनीनं वाढवली नाही, त्यामुळे ते कॅम्पाच्या फाटकाबाहेर पडले तर पोलीस धरतात. प्रशील त्यातलाच. पगार थकला, दुसरीकडे काम धरायचं तर कंपनीचा कागद हवा, घरी यायचं तर कंपनीचं बटण हवं. जूनपासून मेसही बंद. मग खोलीतल्या सगळ्यांनी मिळून तिकडच्या कामगार कार्यालयात तक्रार केली. पहिली सही ललितची.

"मेस बंद म्हणजे?" मी विचारलं.

"कोणी ना कोणी देतं गं. आजूबाजूचे लोक आणून देतात. निघतो दिवस."

मला बट्टी आठवली. तूप ओतलं तिथून परत सांगा. मी फोन घेऊन मोरीत गेले, नळ सोडला, आणि रडले.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. साहेबानं त्याला एकट्याला बोलावून घेतलं होतं. सही मागे घे, उद्या तुझं बटण दाबतो. तुझ्या एकट्याचं. "तू सांग मेघा, काय करू?"

कुवेतला जाताना त्यानं मला विचारलं नव्हतं. एजंटासाठी कर्ज काढतानाही नाही. आज विचारलं. मी म्हटलं, "सही मागे घ्या आणि घरी या."

"आणि हे बाकीचे?"

"बाकीच्यांनाही बायका आहेत. त्या बघतील."

मग म्हणाला, "बरं." मग नेहमीसारखं विचारलं, आज काय केलं होतं? मला सांगवेना. माझं पोट दुखत होतं, काही केलंच नाही, असं म्हटलं.

मी चुकीचं बोलले का? मला नाही वाटत. मला माझा नवरा हवाय. यात लाजायचं काय आहे? तरी हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. आधीच त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ऐकलं तर जागच्या जागी बसतील.

२१ जुलै, सोमवार

एका पुढाऱ्यांकडे जाऊन आले. पॅकहाऊसच्या मालकांची ओळख. निवेदन दिलं. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "कुवेत म्हणजे दुबईच ना?" मी हो म्हटलं. काय करणार, अडला हरी. मग दोन कार्यकर्त्यांनी मला मधे उभं केलं, निवेदनाची बाजू कॅमेऱ्याकडे वळवली, आणि फोटो झाला. संध्याकाळी फेसबुकवर आला, 'आखातात अडकलेल्या खान्देशपुत्रासाठी धाव'. खाली कितीतरी लोकांनी हात जोडलेत. कोणाला जोडलेत ते कळलं नाही.

सरकारच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. नोंद झाल्याचा मेसेज आला. तेवढं तरी आलं.

सासूबाईंचा फोन बटणांचा, फेसबुक नाही, ते एक बरं. आणि ललित सही मागे घेणार म्हटल्यावर या धावपळीची तशी गरजही नाही. तरी गेले होते. का गेले ते मलाच कळत नाही.

२८ जुलै, सोमवार

ललितचा मला तीन दिवस फोन नाही. पण आज दुपारी मी कामावर असताना सासूबाईंच्या फोनवर आला म्हणे. काय म्हणाला? "काही नही. खुशाली."

मला वाटतं बटण दाबलं गेलंय. मला अचानक येऊन चकित करायचा बेत दिसतोय, आणि मायलेक दोघं सामील आहेत. कारण सासूबाईंचं वागणं आज काही वेगळंच. भाकरी टाकत होते तर मागे येऊन उभ्या राहिल्या. "मेघा, बठ माय." बसले. तर म्हणाल्या, "दूध नासी गयं." दूध चांगलं होतं. थोड्या वेळानं पुन्हा, "मेघा." काय? "तुन्हा केस गळतस का?" मग माझ्या डोक्याला तेल लावायला बसल्या. सासूनं सुनेच्या डोक्याला तेल लावलं म्हणजे एकतर मुलगा येतोय, नाहीतर जगबुडी.

उद्या नागपंचमी. मेंदी भिजवली आहे. हातावर काढताना मधे ल लिहिणार आहे, अगदी बारीक, त्याला शोधत बसू दे. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी आंघोळी करून मुठी काढल्या. झुलाल आबा एकेक नाव घेत होते, सासूबाई गहू काढत होत्या. ललितचं नाव आलं तेव्हा त्यांनी चांगला ओंजळभर काढला. आबा म्हणाले, "ताईबाई, सव्वा म्हनजे सव्वा."

"मना हात मोठा शे," म्हणाल्या.

बाकीच्यांचा गहू एकत्र केला. ललितचा मात्र त्यांनी वेगळा ठेवला, घरच्या जात्यावर वेगळा दळला, आणि पीठ पांढऱ्या फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. मला बजावलं, हे पीठ देवीच्या पिठात मिसळायचं नाही, याचा रोट देवीपुढे न्यायचा नाही. असं मी कधी ऐकलं नव्हतं. आबांनी विचारलं, न्यारं कसाले? "माले वाटनं म्हनीसन."

मला कळलं कशाला ते. तो दारात आला की गरम गरम करून वाढायचा असणार. लेकाचं ताट आधी, देवीचं नंतर. म्हातारीची हिंमत मोठी.

दारावर तोरण बांधलं. धुळ्याहून माझ्या आईनं दिलेली मोरपंखी साडी उद्यासाठी काढून ठेवली आहे.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. तो आला नाही. बाकी उद्या लिहीन.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी गिरणा नदीवर जाऊन कानबाईला निरोप दिला. आता घरात शांत आहे. कालचं लिहून काढते.

दुपारी देवीचा नैवेद्य झाला, पानं मांडत होते, तेव्हा दारात रिक्षा थांबली. हातातलं पान घेऊनच मी धावले. रिक्षातून निळ्या चौकड्यांचा शर्ट उतरला. तो शर्ट मी धुळ्यात घेतलेला, जाताना मीच बॅगेत घातलेला. क्षणभर मला तोच दिसला. मग त्या शर्टातला माणूस दिसला. बारीक, काळा पडलेला, कॉलरमधून मानेची हाडं वर आलेली.

"वहिनी, मी प्रशील."

मी त्याच्या मागे रिक्षात बघितलं. "ते मागून येतात का?"

त्यानं रिक्षावाल्याला पैसे दिले. मग उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच सांगितलं. मागच्या रविवारी कामगार कार्यालयात तारीख झाली. कंपनी म्हणाली, सध्या एका माणसाची परवानगी देतो, बाकीच्यांचं पुढच्या तारखेला बघू. एक कोण ते तुम्ही ठरवा. सगळ्यांनी ललितचं नाव घेतलं. ललितनं प्रशीलचं दिलं. कारण प्रशीलच्या आईचं, पार्वताबाईंचं, उद्या मंगळवारी भुसावळला ऑपरेशन आहे, आणि तिला दुसरं कोणी नाही.

"आणि सही?"

"सही आहे तशीच आहे, वहिनी. पहिली त्याचीच. त्यानं मागे घेतली असती तर आम्हाला कोणी विचारलंही नसतं."

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. चांगलं बोलले नाही एवढं आठवतं. तुम्ही आलात, तुमच्या आईला मुलगा मिळाला, माझं काय, असं काहीतरी. तो बिचारा ऐकून घेत होता. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऊना का रे भाऊ? तुन्ही माय काय म्हनस? घाबरनी नही ना?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. प्रशील आपल्या आईपासून काही लपवत नाही. तिनं सासूबाईंना बोलावून घेतलं होतं. भुसावळला डोळे दाखवायला नाही, पार्वताबाईंना भेटायला गेल्या होत्या त्या. इकडे मी त्यांच्या बीपीला जपत होते आणि त्या माझ्या मेंदीला. "कैकदाव सांगाले बसनू वं माय," मला म्हणाल्या, "तुन्हा हात देखीसन तोंड उघडेना." मी त्यांच्याशी बोलले नाही.

आत भाऊकी पंगतीला बसली होती. सासूबाईंनी झुलाल आबांच्या शेजारी एक पाट मांडला आणि प्रशीलला म्हणाल्या, बठ. आबांनी घसा खाकरला. "ताईबाई, रोट भाऊकीना शे."

प्रशील बसलाच नव्हता. म्हणाला, "अक्का, मी बाहेर ओट्यावर बसतो. आणि खरं सांगतो, राग मानू नका. आम्ही बौद्ध. देवाचा नैवेद्य आम्ही घेत नाही."

"माले माहीत शे. तुन्ही मायनी सांगेल शे." मग मला म्हणाल्या, "मेघा, खुंटीवरलं पीठ काढ."

तेव्हा मला ते फडकं कळलं. मी काढलं. रागातच मळलं, रागातच लाटलं. एक मोठा रोट झाला आणि उरलेल्या पिठाचा एक लहान. मोठा एका बाजूनं करपला. सासूबाईंनी तो तसाच पानात घातला, वर खीर, बाजूला गंगाफळाची भाजी, आणि प्रशीलपुढे ठेवला.

"हाई देवीपुढे नेल नही. देवीना नैवेद्य न्यारा व्हता. हाई मना ललितनं जेवन शे. त्यानी जागावर तू ऊना, तू खा." मग आबांकडे वळल्या. "आनि मूठ ललितनी शे. ती कोनले देवानी, हाई त्यानी फोनवर सांगेल शे. मनी नही, त्यानी मर्जी."

आबांनी आपलं पान पुढे ओढलं. मग म्हणाले, "माले काही ऐकू उनं नही. वाढा." आणि आपला पाट थोडा सरकवून त्याला जागा केली.

प्रशील जेवला. पहिला घास त्यानं इतक्या घाईनं घेतला की खीर शर्टवर सांडली. कोणी बघितलं नाही असं सगळ्यांनी केलं. नंतरचं हळूहळू खाल्लं, पान पुसून घेतलं. मग हात धुऊन ओट्यावर गेला आणि फोन लावला. फोनच्या मागे आमचा केळीचा स्टिकर होता. मी दाराआड उभी होते.

"ललित, स्पीकर लाव. सगळे आहेत ना? ऐक. जाड आहे. बाहेरून खरपूस. एका बाजूनं करपलाय, वहिनी रागात होत्या. आत मऊ. खीर गव्हाची आहे, गुळाची." तिकडून कोणीतरी हिंदीत विचारलं, घी डाला था क्या? प्रशील म्हणाला, "डाला था. रुको, फिर से बताता हूँ." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

ललितनं माझ्याबद्दल विचारलं. मी मान हलवली. नाही बोलायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पार्वताबाईंचं ऑपरेशन नीट झालं. सासूबाई काल बघून आल्या. या वेळी मीही सोबत गेले होते. प्रशील आईच्या उशाशी बसून तिला पेज भरवत होता. मी बाहेर गेले तर माझ्या मागे आला आणि पिशवीतून निळा शर्ट काढून दिला, धुऊन, इस्त्री करून. म्हणाला, "विमानतळावर माझे कपडे बरे दिसणार नाहीत म्हणून त्यानं दिला. एवढाच चांगला उरला होता त्याच्याकडे."

मी तो घेतला नाही. म्हटलं, तारखेला तुम्हाला इकडून कागद पाठवावे लागतील, साहेबलोकांपुढे जावं लागेल. तेव्हा घाला.

उद्या पौर्णिमा. रोट आजच संपवायचे. दुपारी जेवायला बसले तर सासूबाईंनी माझ्या पानात तो लहान रोट ठेवला. ललितच्या पिठाचा, उरलेला. पाच दिवस त्यांनी तो डब्यात जपून ठेवला होता.

मी म्हटलं, "बाईच्या नावाची मूठ नसते ना?"

"सव्वा मूठ व्हती. एक त्या पोऱ्यानी खादी. पाव तुन्ही." आणि पान माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "मना टाइमले कोनी दिन्ही नही वं. म्हनीसन मी देस."

मग मी रडले, त्याही रडल्या, आणि रोट दोघींनी मोडून खाल्ला. कडक झाला होता. दुधात बुडवावा लागला.

जेवण झाल्यावर फोन लावला. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला तर काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. तोच म्हणाला, "रागावलीस?" मी म्हटलं, "हो. अजून आहे." मग म्हटलं, "सही मागे घेऊ नका. मी तेव्हा म्हटलं होतं ते सोडून द्या."

"मी कुठं ऐकलं होतं तुझं?"

"दोन वर्षांत एकदा विचारलंत, तेही ऐकायचं नव्हतं म्हणून."

तो हसला. खूप दिवसांनी हसला, मग खोकला. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. परवानगी मिळेल, न मिळेल, कोणाला माहीत नाही. येईल तेव्हा येईल, असं मला लिहिता येत नाही. मला तो उद्याच हवाय. पण एकटा नकोय, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "आज काय केलं होतं?"

"फुनके आणि कढी. थांबा, आधी स्पीकर लावा. सगळ्यांना जवळ बसवा."

पलंग सरकवल्याचे आवाज आले. सगळे बसले असं त्यानं सांगितल्यावर मी सुरुवात केली, रात्री तुरीची डाळ भिजत घातली तिथपासून.